पिटकेर्न बेटावरचे खून : साक्ष कोणाची आणि कितपत खरी

फेब्रुवारी १८०८ मध्ये बोस्टनचे 'टोपाझ' हे सीलच्या शिकारीवर निघालेले जहाज दक्षिण प्रशांत महासागरातल्या पिटकेर्न या जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या बेटाशी आले, तेव्हा बेट निर्जन असणार असे कप्तान मेह्यू फोल्जर धरून चालला होता. प्रत्यक्षात होडीतून इंग्रजी बोलणारी तरुण पोरे सामोरी आली, आणि अलेक्झांडर स्मिथ नावाचा एक इंग्रज खलाशी, काही पॉलिनेशियन बायका व त्यांची मुले अशी एकूण पस्तीस माणसे तिथे नांदत असल्याचे आढळले. एप्रिल १७८९ मध्ये 'बाउंटी' या ब्रिटिश आरमारी जहाजावर बंड करून नाहीशा झालेल्या टोळीचा ठावठिकाणा अशा रीतीने एकोणीस वर्षांनी लागला. जानेवारी १७९० मध्ये या बेटावर पंधरा पुरुष उतरले होते, नऊ गोरे आणि सहा पॉलिनेशियन. त्यांपैकी फोल्जरला भेटला तो हा एकटा. उरलेल्या चौदांपैकी एक दम्याने गेला, एक दारूच्या नशेत कड्यावरून समुद्रात गेला, आणि बाराजणांचा खून झाला.

'बाउंटी'च्या बंडावर आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याची मला हौस नाही. मला स्वारस्य आहे ते या बारा खुनांत, आणि त्यातही सप्टेंबर १७९३ मध्ये एका दिवसात झालेल्या पाच खुनांत. नोकरीतली बरीच वर्षे फौजदारी खटल्यांच्या कागदपत्रांत गेल्यामुळे कोणतीही जबानी वाचताना ती देणाऱ्याला त्यातून काय मिळत होते हे आधी पाहण्याची सवय लागली आहे, आणि पिटकेर्नच्या प्रकरणात ही सवय फार उपयोगी पडते. या खुनांची फिर्याद कोणी दिली नाही, पंचनामा झाला नाही, कोणतेही न्यायालय बसले नाही. हाती आहेत ते निरनिराळ्या कप्तानांनी एकाच माणसाच्या तोंडून ऐकून लिहिलेले वृत्तांत, एका मृत बंडखोराच्या रोजनिशीतले उतारे, आणि बेट सोडून गेलेल्या एका ताहितीयन बाईच्या दोन जबान्या. जे सहा पॉलिनेशियन पुरुष तिथे मेले, त्यांच्या बाजूची एक ओळही कुठे नाही.

आधी वस्तीची रचना पाहिली पाहिजे, कारण गुन्ह्याचा हेतू तिच्यातच दडलेला आहे. फ्लेचर ख्रिश्चनच्या नेतृत्वाखाली बेटाची सगळी जमीन नऊ वाट्यांत विभागली गेली आणि ते नऊही वाटे गोऱ्यांना मिळाले. तारारो, ओहा, तेताहिती, मनारी, तेइमुआ आणि निआउ या सहाजणांच्या वाट्याला वीतभरही जमीन आली नाही. सोबत आलेल्या बारा बायकांपैकी प्रत्येक गोऱ्याला एक आणि या सहाजणांत मिळून तीन, अशी ती वाटणी होती. ताहितीत जे मित्र म्हणून जहाजावर चढले होते, ते बेटावर राबणारे गडी झाले, आणि मकॉय व क्विंटल या दोन गोऱ्यांच्या हातचा मार त्यांना वरचेवर खावा लागे. वस्तीला फार दिवस झाले नव्हते तोच विल्यम्स या लोहारकाम करणाऱ्या खलाशाची बायको पक्ष्यांची अंडी गोळा करताना कड्यावरून पडून मेली, आणि त्याने दुसरी बायको मागितली. ती न मिळाल्यास होडी घेऊन बेट सोडण्याची धमकी त्याने दिली. लोहाराशिवाय इतरांचे भागणार नव्हते, म्हणून तारारोची बायको काढून त्याला देण्यात आली. पुढे तारारो आणि ओहा यांनी गोऱ्यांना मारण्याचा बेत केल्याचे बाहेर पडले, तेव्हा त्या दोघांचे खून त्यांच्याच देशबांधवांच्या हातून करवून घेण्यात आले. हे पहिले दोन खून. त्यांची आज्ञा गोऱ्यांची होती, याविषयी उपलब्ध वृत्तांतांत दुमत नाही, आणि तरीही या प्रकरणाला 'ताहितीयनांनी केलेले हत्याकांड' हेच नाव चिकटून राहिले आहे.

सप्टेंबर १७९३ मधल्या त्या दिवसाचे सर्वांत तपशीलवार वर्णन कॅप्टन फ्रेडरिक बीची याने केले. 'ब्लॉसम' हे त्याचे जहाज डिसेंबर १८२५ मध्ये बेटावर आले होते, आणि वर्णनाचा आधार होता तो म्हणजे म्हातारा झालेला तोच खलाशी, जो आता जॉन ॲडम्स या आपल्या खऱ्या नावाने वावरत होता. उरलेल्या चार पॉलिनेशियन पुरुषांनी बंदुका मिळवल्या, पहिला बार विल्यम्सवर झाला, आणि तो ऐकून दुसऱ्या मळ्यात काम करणारा मार्टिन खूश झाला, कारण कोणीतरी डुक्कर मारले आणि आज मेजवानी होणार असे त्याला वाटले. त्यानंतर ख्रिश्चनला त्याच्या सुरणाच्या मळ्यात गोळी घातली गेली. त्याचे कण्हणे मकॉयच्या कानावर पडले. हा मरणाऱ्या माणसाचा आवाज आहे असे तो म्हणाला, तर शेजारच्या मिल्सने, ख्रिश्चनची बायको मुलांना जेवायला हाक मारते आहे, असे सांगून त्याला गप्प केले. पाठोपाठ मिल्स, मार्टिन आणि ब्राउन मारले गेले. मकॉय आणि क्विंटल डोंगरात पळाले. ॲडम्सच्या उजव्या खांद्यात शिरलेली गोळी गळ्यातून बाहेर पडली, बंदुकीच्या दस्त्याचा वार अडवताना त्याच्या हाताचे एक बोट मोडले, पण पुढे त्याला अभय मिळाले आणि तो वाचला. एडवर्ड यंगला बायकांनी लपवून ठेवले, म्हणून त्याच्या अंगावर ओरखडाही उठला नाही.

मेजवानीचा आणि जेवायच्या हाकेचा हे दोन तपशील मला विश्वसनीय वाटतात, कारण ते रचून सांगणाऱ्याचा काहीच फायदा नव्हता. रचलेल्या जबानीत माणसे बहुधा नेमक्या वेळी नेमके समजून घेतात. खऱ्या घटनेत ती चुकीचा अंदाज बांधतात. अर्थात ॲडम्स स्वतः त्या मळ्यात हजर नव्हता. मकॉयने त्याला मागाहून सांगितले असणार, म्हणजे बीचीच्या वहीपर्यंत पोचलेली ही गोष्ट ऐकिवातली ऐकीव आहे, हेही विसरून चालणार नाही.

ॲडम्स हा साक्षीदार म्हणून कसा होता, हा या प्रकरणातला कळीचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या १८७२ च्या पुरावा कायद्याने गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष ग्राह्य धरली होती, आणि त्याच कायद्याने महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुजोरा मिळाल्याखेरीज अशा साक्षीवर विश्वास ठेवू नये असे गृहीत धरण्याची मुभाही न्यायालयाला दिली होती. ॲडम्सला माफीचा साक्षीदार म्हणता येत नाही, कारण त्याला माफी मिळालेली नव्हती. प्रत्येक ब्रिटिश जहाजाबरोबर आपल्या गळ्याभोवतीचा फास येऊ शकतो ही जाणीव घेऊनच तो बोलत होता. 'बाउंटी'च्या तीन बंडखोरांना इंग्लंडमध्ये १७९२ सालीच फाशी देण्यात आले होते.

त्याने १८०८ मध्ये फोल्जरला सांगितलेली हकीकत अगदी सुटसुटीत होती : बेटावर उतरल्यानंतर सुमारे सहा वर्षांनी नोकरांनी उठाव करून त्याच्याखेरीज सगळ्या इंग्रजांना मारले, तो गंभीर जखमी झाला, आणि त्याच रात्री विधवा झालेल्या बायकांनी आपल्या देशबांधवांचा खातमा केला. या कथेत एका दिवसात सर्व हिशेब मिटतात. गोरे मारले जातात, मारणारे मारले जातात, आणि मागे उरतो तो एक घायाळ निरपराध माणूस, ज्याच्या हाताला रक्त लागलेले नाही. बीचीला त्यानेच सांगितलेल्या हकीकतीशी ही ताडून पाहिली की काय गाळले गेले ते लक्षात येते. त्या दिवशी एक नव्हे तर चार गोरे वाचले होते. बायकांचा सूड त्याच रात्री झाला नाही. मधे काही दिवस गेले, त्या काळात मनारीने तेइमुआला बायकांवरून झालेल्या वादात मारले आणि स्वतः डोंगरातल्या मकॉय-क्विंटलच्या हातून मेला. राहिलेल्या दोघांपैकी तेताहितीला यंगच्या बायकोने, तेराउराने, झोपेत कुऱ्हाडीने मारले हे खरे, पण निआउला गोळी घातली ती खुद्द यंगने. आणि १७९९ मध्ये बेफाम झालेल्या क्विंटलला कुऱ्हाडीने ठार केले ते यंग आणि ॲडम्स या दोघांनी मिळून. म्हणजे १८०८ च्या जबानीतून पद्धतशीरपणे वगळली गेली होती ती गोऱ्या हातांनी झालेली कृत्ये, आणि विशेषतः जबानी देणाऱ्याचे स्वतःचे कृत्य.

तरीही म्हाताऱ्या ॲडम्सला सरसकट खोटारडा ठरवणे मला पटत नाही. क्विंटलच्या खुनाची कबुली त्याने बीचीला आपण होऊन दिली. आमचाच जीव धोक्यात होता, ही त्याची सबब वगळली तरी कबुली शिल्लक राहते, आणि स्वतःच्या विरुद्ध जाणारे विधान माणूस उगाच करीत नाही. फोल्जर बेटावर काही तासच थांबला होता आणि त्याच्याकडून ही हकीकत पुढे दुसऱ्या अधिकाऱ्याच्या पत्रातून इंग्लंडला गेली, त्यामुळे वगळलेल्या गोष्टींतल्या काही ॲडम्सने वगळल्या की ऐकणाऱ्यांनी, हेही सांगता येत नाही.

ख्रिश्चनच्या मृत्यूबाबत तर इतक्या वदंता आहेत की त्याचे प्रेत कोणाला सापडले नसावे असे वाटावे. फोल्जरच्या जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने सांगितले की तो बेटावर आल्यावर लवकरच वेडा झाला आणि कड्यावरून समुद्रात उडी टाकून मेला. १८१४ मध्ये 'ब्रिटन' आणि 'टॅगस' ही आरमारी जहाजे आली. त्यांच्या कप्तानांपैकी स्टेन्सने, तीन-चार वर्षांत एका ताहितीयन पुरुषाच्या मत्सराला तो बळी पडला, असे लिहिले, तर पायपनने वस्ती झाल्यानंतर अकरा महिन्यांत तो मारला गेल्याचे नोंदवले, म्हणजे एकाच भेटीत, एकाच माणसाला विचारून दोघांनी दोन काळ लिहिले. त्यावर कळस म्हणजे १८३१ मध्ये जॉन बॅरो याने छापलेली गोष्ट, की 'बाउंटी'वरचाच माजी मिडशिपमन (शिकाऊ अधिकारी) पीटर हेवूड याला १८०८-०९ च्या सुमारास प्लिमथच्या रस्त्यावर ख्रिश्चनसारखा दिसणारा माणूस दिसला आणि हेवूडला पाहताच तो पळाला. क्षणभरच पाहिलेला, वीस वर्षांनी ओळखलेला, आणि हाती न लागलेला माणूस. ओळखपरेडीचा इतका दुबळा पुरावा क्वचितच असेल.

इथे कागदापेक्षा कुटुंब अधिक बोलते. ख्रिश्चन आणि मौआतुआ यांना बेटावर तीन मुले झाली, पहिला थर्सडे ऑक्टोबर १७९० सालचा, आणि तिसरी मुलगी बापाच्या मृत्यूच्या सुमाराची. तीन मुलांचा बाप अकरा महिन्यांत किंवा 'आल्यावर लवकरच' मेलेला असू शकत नाही. पायपनचा काळ येथेच गळतो, आणि वेडाची कथाही. दुसऱ्या बाजूने, यंगची रोजनिशी १७९३ च्या डिसेंबरअखेरीस सुरू होते आणि तिच्यात हे पाचही खून होऊन गेलेले आहेत, म्हणजे फोल्जरला सांगितलेली सहा वर्षेही चुकीची ठरतात. दोन्ही टोके आवळली की १७९३ हे साल पक्के होते. (बेटावरच्या लोकांचे दिवसांचे गणितही एका दिवसाने चुकलेले होते, कारण 'बाउंटी' पूर्वेकडे जात आल्यावर वार बदलायचा राहून गेला होता, थर्सडे ऑक्टोबरचे नाव काही काळ फ्रायडे ऑक्टोबर झाले ते याच घोळामुळे. त्यामुळे नेमकी तारीख छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून मी सावध राहतो.)

ॲडम्सला खरा दुजोरा मिळतो तो जेनीकडून. तेहुतेआतुआओनोआ हे तिचे मूळ नाव. ती आधी ॲडम्सबरोबर राहत होती आणि नंतर मार्टिनबरोबर. ॲडम्सच्या जुन्या नावाची आद्याक्षरे आणि १७८९ हे साल तिच्या डाव्या हातावर गोंदलेले होते, आणि हे 'सिडनी गॅझेट'ने १८१९ मध्ये तिची पहिली हकीकत छापताना नमूद केले. पिटकेर्न तिला कधीच मानवले नाही, आणि १८१७ मध्ये एका जहाजाने ती निघून गेली. दुसरी, अधिक सविस्तर हकीकत तिने कॅप्टन पीटर डिलन याला ताहितीत सांगितली, आणि गंमत म्हणजे ती प्रथम छापून आली कलकत्त्याच्या 'बंगाल हरकारू' या वृत्तपत्रात, १८२६ मध्ये. बीचीच्या आणि जेनीच्या हकीकती एकमेकींवर बेतलेल्या असण्याचा संभव नाही. त्या सांगणाऱ्या दोघांमध्ये कित्येक वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर होते. तरी पहिला विल्यम्स आणि मग ख्रिश्चन हा क्रम दोन्हींत आहे, ख्रिश्चन मळ्यात काम करताना मारला गेला हेही दोन्हींत आहे, आणि जेनी तर गोळी दोन्ही खांद्यांच्या मध्ये, पाठीत लागली असे सांगते. ख्रिश्चनला कोणी, कुठे आणि कसे मारले याबाबत माझ्या मनात संशय उरत नाही तो या दुजोऱ्यामुळे.

पण जेनीही तटस्थ नव्हती. मार्च १७९४ मधली यंगच्या रोजनिशीतली एक नोंद बीचीने उतरवून घेतली आहे. यंगला जेनीच्या हातात माणसाची कवटी दिसली. कोणाची म्हणून विचारता जॅक विल्यम्सची असे उत्तर मिळाले. ती पुरून टाका असे त्याने सांगितले, तर तिच्याबरोबरच्या बायकांनी साफ नकार दिला. खून होऊन सहा महिने झाल्यावरही मारल्या गेलेल्या पाच गोऱ्यांची डोकी बायकांनी जवळ बाळगली होती. पुढे त्याच वर्षी बायकांनी बेट सोडण्यासाठी होडी बांधून पाहिली, ती उलटली, आणि वर्षअखेरीस झोपेत सगळ्या गोऱ्यांना मारण्याचा त्यांचा बेतही उघडकीस आला. आता ही नोंद 'विधवांनी प्रेमापोटी घेतलेला सूड' या कथेशेजारी ठेवून पाहावी. नवऱ्यांच्या मृत्यूने व्याकूळ होऊन ज्यांनी मारेकऱ्यांना ठार केले, त्याच बायका वर्षभरात उरलेल्या गोऱ्यांना मारायला निघतात, याचा अर्थ त्यांना गोऱ्यांचे राज्य नको होते आणि ताहितीयनांचेही नको होते. माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत प्रामाणिक कागद म्हणजे हे उतारे, कारण यंग ते कोणाला दाखवण्यासाठी लिहीत नव्हता. मूळ वही नंतर नाहीशी झाली, आणि बीचीने निवडले तेवढेच आपल्यापर्यंत पोचले.

राहता राहिला यंग. त्यानेच हे घडवून आणले असा तर्क अनेकांनी केला आहे, आणि तो निराधार नाही. बायका त्याच्या बाजूच्या होत्या. त्या दिवशी त्याला कोणी हात लावला नाही. निआउला त्याने मारले, आणि ज्या बायकोने तेताहितीला मारले ती त्याचीच. ख्रिश्चन गेल्यावर मौआतुआ त्याच्याकडे आली. तो वेस्ट इंडीजमधल्या सेंट किट्सचा, मिश्र वंशाचा असावा. 'बाउंटी'चा कप्तान ब्लाय याने बंडखोरांची वर्णने लिहिताना त्याचा सावळा वर्ण आणि पडलेले दात नोंदवले आहेत, आणि त्यामुळे काळ्यांशी त्याचे आतून संधान असावे अशी कल्पना पुढच्या लेखकांना सुचत गेली. हा शेवटचा मुद्दा मला तिटकारा यावा असा वाटतो. कातडीच्या रंगावरून कट सिद्ध करणे हे त्या वस्तीच्याच न्यायाला धरून झाले. आपल्याला तो न्याय चालवायचे कारण नाही.

उरलेल्या मुद्द्यांत लाभ आहे, संधी आहे, पण कट रचल्याचा एकही शब्द कोणाच्या तोंडी नाही. यंग १८०० मध्ये मेला, म्हणजे त्यानंतर त्याच्यावर सगळे ढकलणे ॲडम्सला अगदी सोपे होते. कोणी प्रतिवाद करणारे नव्हते, आणि इंग्रज अधिकाऱ्यांसमोर बंडाचा व खुनांचा दोष मेलेल्या माणसांवर टाकण्यात त्याचेच हित होते. तरी त्याने यंगवर असा आरोप केला नाही. ॲडम्सशी न पटलेल्या जेनीनेही केला नाही. साक्षीदाराने काय सांगितले याबरोबरच, सांगण्यात फायदा असूनही काय सांगितले नाही, हे मी तोलतो, आणि त्या तुलनेत यंगविरुद्धचा संशय संशयच राहतो.

मला अधिक खटकते ते दुसरेच. मौआतुआ १८४१ पर्यंत जगली. तेराउरा, जिने स्वतःच्या हाताने तेताहितीला मारले, ती पुढे ख्रिश्चनच्या थोरल्या मुलाची बायको झाली आणि १८५० मध्ये मेली. म्हणजे प्रत्यक्ष मारेकरी आणि प्रत्यक्ष साक्षीदार असलेल्या या बायका जहाजांच्या भेटींमागून भेटी पाहत बेटावरच राहत होत्या, आणि पाहुणे आपल्या वह्या घेऊन ॲडम्सकडे जात होते. जेनीची जबानी मिळाली, कारण ती बेट सोडून ताहितीत आली आणि तिची भाषा जाणणारा मिशनरी तिथे होता. तेराउराची जेनीसारखी सविस्तर जबानी छापून आलेली नाही. तेताहिती झोपेत असताना कुऱ्हाड कोणाच्या सांगण्यावरून चालली, यंगच्या की तिच्या स्वतःच्या मनावरून, हे सांगू शकणारी तीच एक होती. आणि यंगबद्दलचा निकाल अडून राहतो तो नेमका याच प्रश्नावर.